दान नव्हे, देणे

खार स्थानकातून पश्चिमेला निघून लिंकिंग रोड ओलांडला की थोड्याच अंतरावर मुंबईचे एक जुने रूप अजून शिल्लक आहे. कार्टर रोडच्या उत्तर टोकाशी, उंच इमारतींच्या आड, खारदांडा हा कोळीवाडा समुद्राला लागून उभा आहे. येथे आजही बोटी लागतात, जाळी दुरुस्त होतात आणि उन्हात बोंबील सुकतात. परिसरातील जैन व्यापारी कुटुंबांचा या वस्तीशी संबंध तसा कमीच. घरात मासळी येत नाही, त्यामुळे मासळीबाजाराकडे पाऊल वळत नाही. तरीही वाणसामानाच्या दुकानाने हे दोन समाज पिढ्यान्‌पिढ्या जोडलेले आहेत. १ जूनपासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. हाती रोख नसलेल्या या दिवसांत तांदूळ, डाळ, तेल उधारीवर जाते आणि दुकानाच्या वहीत नावे चढतात. नारळी पौर्णिमेनंतर बोटी पाण्यात गेल्या की नावांपुढची रक्कम हळूहळू उतरू लागते.

व्यापाराने माणसाला एक भेद पिढीजात शिकवला आहे. देणे वेगळे आणि दान वेगळे. दान आपल्या इच्छेने, आपल्या सवडीने होते. घेणाऱ्याने त्याबद्दल कृतज्ञ असावे. देण्याला मुदत असते. ते फेडल्याबद्दल कोणी आभाराची अपेक्षा करीत नाही, आणि मुदत उलटल्यावर थोडी रक्कम देऊन ‘हे आमचे औदार्य’ असे म्हणणाऱ्या व्यापाऱ्याची पत बाजारात राहत नाही. राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात मात्र हा भेद सर्रास पुसला जातो. याचे एक ठळक उदाहरण आपल्याच अरबी समुद्रात, मुंबईच्या उत्तरेला, कित्येक वर्षे डोळ्यांसमोर आहे. ते उदाहरण म्हणजे भारत आणि पाकिस्तान यांच्या तुरुंगांत अडकलेले मच्छीमार.

खारदांड्यासारख्या कोळीवाड्यांतील लहान बोटी मुख्यतः किनाऱ्याजवळच्या पाण्यात फिरतात. दूर उत्तरेला, कच्छच्या समुद्रात, जातात त्या ओखा, पोरबंदर, वेरावळ येथील मोठ्या बोटी. त्या गुजरातच्या असल्या तरी त्यांवरील सगळी माणसे गुजराती नसतात. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी या भागांतील अनेक तरुण, त्यांत आदिवासीही पुष्कळ, दरवर्षी हंगामात खलाशी म्हणून या बोटींवर चढतात. बोट त्यांची नसते, जाळे त्यांचे नसते, कोणत्या दिशेला जायचे हेही त्यांच्या हाती नसते. बोट मालकाची आणि दिशा तांडेलाची. पकडले गेल्यावर तुरुंगवास मात्र सर्वांच्या वाट्याला सारखाच येतो.

बोटी हद्द का ओलांडतात, याचे उत्तर एकच नाही. किनाऱ्यालगतची मासळी कमी झाल्यामुळे बोटींना लांब जावे लागते. सिंधू नदीच्या मुखाजवळचे पाणी मासळीने समृद्ध आहे आणि चांगल्या भावाच्या मासळीचा मोह मोठा असतो. कधी इंजिन बंद पडते, कधी वारा आणि प्रवाह बोटीला ओढून नेतात. काही बोटी चुकून जातात, काही जाणूनबुजून जातात, हेही मान्य केले पाहिजे. पण मुळात ज्या रेषेच्या उल्लंघनाबद्दल ही शिक्षा होते, ती सागरी रेषा दोन्ही देशांनी मिळून अद्याप ठरवलेलीच नाही.

या न ठरलेल्या रेषेच्या मुळाशी सर क्रीक ही सुमारे ९६ किलोमीटर लांबीची खाडी आहे. एका बाजूला कच्छ, दुसऱ्या बाजूला सिंध. या वादाचा कागद मुंबईचाच आहे. त्या काळी सिंध मुंबई इलाख्यात होता. तो १९३६ मध्ये वेगळा झाला. कच्छचे संस्थान आणि सिंध यांच्यातील तंट्यावर १९१४ मध्ये मुंबई सरकारने एक ठराव केला. सीमा खाडीच्या पूर्व काठाने जाते की मध्यातून, याविषयी त्या ठरावाचा आणि त्यासोबतच्या नकाशाचा अर्थ दोन्ही देश आज वेगवेगळा लावतात. १९६५ नंतर कच्छच्या रणाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाकडे गेला आणि १९६८ मध्ये त्याचा निवाडा झाला; सर क्रीक मात्र त्यातून बाहेर राहिली. २००७ मध्ये दोन्ही देशांनी खाडीची संयुक्त पाहणीही केली, तरी तोडगा निघाला नाही. खाडीच्या मुखाचा बिंदू ठरत नाही, तोवर तेथून समुद्रात जाणारी रेषाही ठरत नाही. सर्वेक्षकांना न सापडलेली ही रेषा रात्रीच्या अंधारात जाळे टाकणाऱ्या खलाशाने ओळखावी, अशी अपेक्षा धरली जाते.

जगाने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. १० डिसेंबर १९८२ रोजी जमैकातील माँटेगो बे येथे संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदाविषयक करार स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि १९९४ मध्ये तो अमलात आला. भारताने १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये त्याला मान्यता दिली. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा भाग हा त्या देशाचा प्रादेशिक सागर, आणि त्यापुढे २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, अशी विभागणी त्यात आहे. या आर्थिक क्षेत्रात परदेशी बोटीने मासेमारीचे नियम मोडले तर काय करावे, हे कराराच्या ७३ व्या कलमात सांगितले आहे. योग्य ती हमी घेऊन बोट आणि माणसे यांची तातडीने सुटका करावी. संबंधित देशांमध्ये तसा वेगळा करार नसेल तर कैदेची शिक्षा देऊ नये. आणि ज्या देशाची बोट असेल त्या देशाला त्वरित कळवावे. भारताच्या १९८१ च्या कायद्यातही हाच भेद दिसतो. परदेशी बोटीने प्रादेशिक सागरात गुन्हा केल्यास कैद होऊ शकते, आर्थिक क्षेत्रात केल्यास केवळ दंड.

हमीवर सुटका ही कल्पना व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. माल अडकला तर तारण द्यावे, माल सोडवावा आणि वाद पुढे चालू ठेवावा, अशीच ती रीत आहे. हॅम्बुर्ग येथील सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे आलेला पहिलाच खटला असा होता. १९९७ मध्ये गिनी या देशाने ‘सायगा’ नावाचे तेलवाहू जहाज पकडले होते. अर्ज दाखल झाल्यापासून तीन आठवड्यांत न्यायाधिकरणाने ४ लाख डॉलरच्या हमीवर जहाज आणि खलाशी यांना सोडण्याचा आदेश दिला. तेलवाहू जहाजामागे मालक, विमा कंपनी आणि वकील उभे असतात. डहाणूच्या खलाशामागे कोणी नसते. त्याच्यासाठी हमीची रक्कम कोणी मोजत नाही, आणि तो दरवाजा त्याच्यासाठी कोणत्याही सरकारने आजवर ठोठावलेला नाही.

दोन्ही देशांनी काहीच केले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. २१ मे २००८ रोजी दोघांनी कैद्यांना आपल्या वकिलातीची भेट मिळण्याविषयी करार केला. त्यानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दोन दिवशी एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या दिल्या-घेतल्या जातात. अटकेनंतर तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्याला कैद्याची भेट मिळावी, आणि राष्ट्रीयत्वाची खात्री होऊन शिक्षा पूर्ण झाली की एका महिन्यात त्याला मायदेशी पाठवावे, असे त्यात लिहिलेले आहे. हे लिखित देणे आहे आणि त्याला मुदतही आहे.

या कराराची एक बाजू खरोखर आदराने नोंदवण्यासारखी आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामचा भीषण हल्ला झाला, अटारीची चौकी बंद झाली, मे महिन्यात दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. तरीही १ जुलै २०२५ रोजी याद्यांची देवाणघेवाण ठरल्याप्रमाणे झाली. भारताने आपल्या ताब्यातील ३८२ नागरी कैदी आणि ८१ मच्छीमार यांची नावे दिली. पाकिस्तानने ५३ नागरी कैदी आणि १९३ मच्छीमार यांची. तोफा धडाडल्यानंतर दोन महिन्यांच्या आत तारखेला कागद हजर झाला. लिहून ठेवलेल्या शब्दाची ताकद ती हीच.

पण यादी देणे आणि माणूस देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच दिवशी भारताने पाकिस्तानला कळवले की, तेथील १५९ भारतीय मच्छीमार आणि नागरी कैद्यांची शिक्षा संपलेली आहे, त्यांना लवकर सोडावे. पाकिस्तानने कळवलेल्या २४६ भारतीयांशी ही संख्या ताडून पाहिली, तर दर तिघांमागे जवळजवळ दोघांची शिक्षा संपूनही ते आत होते. शिवाय २६ जणांना वकिलातीची भेटही मिळालेली नव्हती. याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. भारताच्या ताब्यातील, पाकिस्तानी समजल्या जाणाऱ्या ८० कैद्यांचे राष्ट्रीयत्व पाकिस्तानने निश्चित केलेले नसल्यामुळे त्यांची पाठवणी अडलेली होती. एका बाजूला आपला माणूस सुटत नाही, आणि दुसऱ्या बाजूला ज्याला परत घ्यायला कोणी पुढे येत नाही असा माणूस आपल्या तुरुंगात बसून राहतो.

सुटका होत नाही असेही नाही. २०१४ पासून दोन हजार सहाशेहून अधिक भारतीय मच्छीमार पाकिस्तानातून परत आले. मात्र ते कसे परत येतात, हे पाहावे. एखाद्या सणाच्या, राष्ट्रीय दिवसाच्या किंवा उच्चस्तरीय भेटीच्या निमित्ताने ‘सद्भावना’ म्हणून शेकडो माणसे एकदम सोडली जातात. छायाचित्रे येतात आणि दोन्हीकडे समाधान व्यक्त होते. संबंध बिघडले की तीच माणसे महिनोन्‌महिने तशीच राहतात. त्यांच्या गुन्ह्यात या काळात काहीही बदल झालेला नसतो. बदललेली असते ती दोन राजधान्यांमधील हवा. शिक्षा भोगून झालेल्या माणसाला सोडण्यात सद्भावना ती कसली? ते देणे आहे, आणि मुदत उलटल्यावर फेडलेले देणे आहे.

या विलंबाची किंमत घरी मोजली जाते. गुजरात सरकार अडकलेल्या मच्छीमाराच्या कुटुंबाला रोज ३०० रुपये देते. ती मदत मोलाची आहे, पण तीत हंगाम भागत नाही आणि उचल फिटत नाही. घरातील स्त्री मजुरीला जाते, मुलाची शाळा सुटते, आणि नवरा केव्हा येईल हे सांगणारा कोणताही कागद तिच्या हाती नसतो. कधी तो येतच नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पाकिस्तानी सागरी दलाच्या गोळीबारात गुजरातच्या बोटीवरील पालघर जिल्ह्यातील एक मच्छीमार मृत्युमुखी पडला. २०२४ च्या मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातील एका खलाशाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला, आणि त्याचा देह गावी पोचायला महिन्याहून अधिक काळ लागला. जिवंत माणसाच्या सुटकेची मुदत पाळली जात नाही तेथे मृतदेहाची कोण पाळणार?

यावर एक रास्त प्रश्न विचारला जातो: सुरक्षेचे काय? मुंबईकराला हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्लेखोरांनी समुद्रात पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारीची बोट बळकावली आणि तिच्याच आधाराने ते मुंबईजवळ आले. बोटींची तपासणी, मच्छीमारांची ओळखपत्रे, किनाऱ्यावरील पहारा हे सर्व त्यानंतर वाढले आणि ते योग्यच आहे. परंतु ‘कुबेर’वरील तांडेल आणि खलाशी हे त्या हल्ल्याचे पहिले बळी होते, हे विसरून चालत नाही. संशय असेल तर चौकशी व्हावी, काटेकोर व्हावी आणि मुदतीत संपावी. चौकशी होऊन, न्यायालयात उभे राहून, शिक्षा भोगून झालेल्या माणसाला आणखी डांबल्याने सुरक्षा वाढत नाही. त्याचा उपयोग होतो तो केवळ सौद्यातील मोहरा म्हणून, आणि माणसाला मोहरा करणे हाच मानवी हक्कांचा मूळ भंग आहे.

आंतरराष्ट्रीय कायदा दुबळा असतो, असे म्हणण्याची रीत आहे. ती अर्धीच खरी आहे. महाराष्ट्राचे कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. त्यांना भारतीय वकिलातीची भेट नाकारली होती. भारत हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. अवघ्या दहा दिवसांत, १८ मे रोजी, फाशीला स्थगिती मिळाली. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ अशा मताने न्यायालयाने निर्णय दिला की, पाकिस्तानने १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा भंग केला आहे, आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार झाला पाहिजे. त्या पीठावर मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. २००८ च्या द्विपक्षीय करारामुळे व्हिएन्ना करारातील हक्क कमी होत नाहीत, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. जाधव सुटले नाहीत; पण एक माणूस फासावर जाता जाता थांबला तो एका कागदामुळे. राष्ट्र आपल्या माणसामागे उभे राहिले तर कायदा चालतो, एवढे त्यातून सिद्ध झाले. प्रश्न उरतो तो, ज्याचे नाव वर्तमानपत्रात येत नाही त्या खलाशामागे कोण उभे राहते हा.

काही माणसे उभी राहिली आहेत. मुंबईचे पत्रकार जतीन देसाई आणि ‘पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम फॉर पीस अँड डेमोक्रसी’ या संस्थेतील दोन्हीकडचे कार्यकर्ते अनेक वर्षे या कैद्यांचा पाठपुरावा करीत आहेत. कराचीहून सुटलेल्या भारतीय मच्छीमारांच्या लाहोरपर्यंतच्या प्रवासाची व्यवस्था तेथील एधी फाउंडेशनने वेळोवेळी केली, निघताना त्यांच्या हाती थोडे पैसे आणि भेटवस्तूही दिल्या. हे मात्र खरे दान. ते करणाऱ्यांवर कोणतेही देणे नव्हते.

जैन वाचकाच्या मनात येथे एक अडचण येणे स्वाभाविक आहे. मासेमारी हा हिंसेचा व्यवसाय. तो करणाऱ्यांची बाजू अहिंसेच्या उपासकाने का घ्यावी? अडचण खरी आहे आणि ती लपवू नये. पण मानवी हक्कांची कसोटी नेमकी येथेच लागते. ज्याचे काम आपल्याला पसंत आहे, त्याच्या हक्कांविषयी बोलणे सोपे असते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी असलेल्या हंसा मेहता यांनी जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातील पुरुषवाचक शब्दाला हरकत घेतली आणि ‘सर्व मानव’ हा अर्थ स्पष्ट करणारा शब्द तेथे आणवला. १० डिसेंबर १९४८ ला संमत झालेल्या त्या जाहीरनाम्यात ‘सर्व’ या शब्दाला अपवाद नाही. अनुकंपेलाही तो नाही. व्यवसाय न पटणे आणि त्या माणसाचे दुःख न दिसणे, या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

आपल्या इतिहासात बंदिवानांच्या मुक्ततेचा एक मोठा प्रसंग आहे. आचार्य हीरविजयसूरी १५८३ मध्ये फत्तेपूर सिक्रीला गेले. त्यांच्या उपदेशाने अकबराने बंदिवानांना आणि पिंजऱ्यातील पक्ष्यांना मुक्त केले आणि पर्युषणाच्या दिवसांत पशुहत्येला बंदी घातली. अभयदानाचे ते तेजस्वी उदाहरण आहे. पण ती सम्राटाची कृपा होती. अकबर गेला आणि १६१० मध्ये त्याच मागणीसाठी जहांगीरकडून पुन्हा फर्मान मिळवावे लागले. कृपेचा हा स्वभावच आहे. ती देणाऱ्याबरोबर येते आणि त्याच्याबरोबर जाते. मानवजातीने विसाव्या शतकात केलेली मोठी प्रगती म्हणजे हीच गोष्ट फर्मानातून काढून करारात आणली. सुटकेसाठी आता चांगल्या सम्राटाची वाट पाहावी लागू नये, एवढाच तिचा अर्थ आहे.

मग काय व्हावे? नवा करार करण्याचीही आवश्यकता नाही. २००८ च्या करारातील एका महिन्याची मुदत पाळली जावी. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायमूर्तींची संयुक्त समिती एकमेकांच्या तुरुंगांना भेटी देत असे. २०१३ नंतर थांबलेल्या त्या भेटी पुन्हा सुरू व्हाव्यात. दोन्ही तटरक्षक यंत्रणांमध्ये २००५ मध्ये सामंजस्य करार झाला होता. त्या संपर्काचा उपयोग करून भरकटलेली बोट पकडण्याऐवजी परत वळवावी. माणूस सुटला तरी बोट क्वचितच परत मिळते. ती रास्त हमीवर सोडावी, कारण लाखो रुपयांची बोट गेली की मालक कर्जात बुडतो आणि खलाशाचा पुढचा हंगामही जातो. आणि यातील प्रत्येक गोष्ट आधी भारताने आपल्या तुरुंगातील मच्छीमारांच्या बाबतीत करावी. समोरचा थकबाकीदार आहे म्हणून आपले देणे बुडवावे, असे कोणतीही जुनी पेढी शिकवत नाही.

राजनीतीत सामान्य कुटुंबाला काय करता येईल, असे वाटू शकते. एक लहानशी गोष्ट निश्चित करता येईल. दर १ जानेवारीला आणि १ जुलैला वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर याद्यांच्या देवाणघेवाणीची चार ओळींची बातमी येते. ती वाचावी, मुलांना वाचून दाखवावी, आणि आपल्या खासदाराला, आपल्या संस्थेच्या व्यासपीठावर, एकच प्रश्न विचारावा: यांपैकी किती जणांची शिक्षा संपली आहे, आणि ते अजून आत का आहेत? पुरेशी माणसे हा प्रश्न विचारू लागली, तर त्याचे उत्तर देणे दोन्ही सरकारांना भाग पडेल.